सेन्सर ठीक आहे, असं मी म्हणालो

मी स्टुलावर चढलो तेव्हा खाली तिघं उभे होते आणि तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

शनिवारची सकाळ होती. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. शुक्रवारी कारखाने बंद, शिफ्टच्या बस बंद, चहाच्या टपऱ्यासुद्धा अर्ध्याच उघड्या. त्यामुळे आमच्याकडच्या चोराला अंधाराची वाट बघावी लागत नाही. भर दुपारी गाळ्यांच्या मागच्या गल्लीत कुत्रंही नसतं. माने साहेबांचं ऑफिस गुरुवारी संध्याकाळी बंद झालं आणि शनिवारी सकाळी उघडलं, तर आत चोरी झालेली. मी बसवलेला अलार्म वाजला नव्हता. म्हणून मला फोन.

मी अलार्म आणि कॅमेरे बसवतो. मूळचा जळगावकडचा. इथे एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून आलो, पुढे कारखाना बंद पडला आणि मी दुकान टाकलं. ही गोष्ट मी याआधी दोन-चार जणांना सांगितली आहे, पण दर वेळी काहीतरी वगळून. इथे न वगळता लिहितो.

माने साहेबांचा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल. कारखान्यात जागोजागी प्रेशर दाखवणारी घड्याळं असतात. ती बरोबर दाखवतात की नाही हे ठरावीक काळाने तपासून घ्यावं लागतं. तपासायचं म्हणजे अगदी अचूक अशा दुसऱ्या यंत्राशी ताडून बघायचं. त्या अचूक यंत्राला 'मास्टर' म्हणतात. डब्याएवढी पेटी असते, पण सगळा धंदा तिच्यावर. मास्टर आहे तर ऑफिस आहे. चोराने नेमका मास्टर नेला होता, आणि सोबत लॅपटॉप.

ऑफिस छोटं. पुढे शटर, आत एक हॉल, मागे संडास. संडासाच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या. चोराने बाहेरून पट्ट्या एकेक सरकवून काढल्या आणि भिंतीला नीट टेकवून ठेवल्या. एकही फोडली नव्हती. तिथून तो हॉलमध्ये आला, आणि हॉलच्या कोपऱ्यात वर माझा सेन्सर होता.

हा सेन्सर म्हणजे एक पांढरी डबी. लोकांना वाटतं तो कॅमेरा आहे. तो काहीच बघत नाही. त्याला फक्त ऊब कळते, आणि तीही हलणारी. माणूस खोलीतून चालत गेला की त्याच्या अंगाची ऊब सरकते, ते डबीला कळतं, डबी पॅनलला सांगते आणि पॅनल सायरन वाजवतो. डबीच्या तोंडावर पातळ दुधी प्लास्टिक असतं. ते पातळ असतं कारण ही ऊब जाड वस्तूतून आरपार जात नाही. काचेतूनसुद्धा नाही. काचेपलीकडे तुम्ही नाचलात तरी डबीला पत्ता लागणार नाही.

त्या डबीच्या तोंडावर झेंडूचा हार होता.

दसरा होऊन बरेच दिवस झाले होते. दसऱ्याला आमच्या वसाहतीत सगळ्या यंत्रांना पूजा मिळते. लेथला, कॉम्प्रेसरला, प्रिंटरला, टेम्पोला. हार उतरतो तो दिवाळीच्या साफसफाईला. हा हार दुपदरी होता, मधे आंब्याची पानं ओवलेली. दोन्ही पदर बरोबर दुधी प्लास्टिकवर आलेले. पानं वाळून कडक झाली होती. त्यांच्याआडून सेन्सरला माणूस काय, हत्ती गेला असता तरी कळलं नसतं.

मी बघितलं आणि मला सगळं कळलं. त्याला विचार करायची गरजच नव्हती.

खाली माने साहेब होते, कंबरेवर हात ठेवून. त्यांचे टेक्निशियन तिवारी होते, आझमगढचे, पन्नाशीला आलेले. आणि मनीषा. मनीषा ऑफिस सांभाळायची. फोन, बिलं, सर्टिफिकेटं, सकाळी उघडणं, संध्याकाळी बंद करणं, सगळं तीच. तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर दांडी गाव आहे, तिथली. नवरा बोटीवर.

मी हार काढला. मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही. वाळलेला हार काढला तर त्यात विचारण्यासारखं काय असतं?

मनीषाने हात वर केला. "इकडं द्या दादा. निर्माल्य हाय, पायाखाली नको यायला."

मी हार तिच्या हातात दिला. तिने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. संध्याकाळी खाडीत सोडणार होती. तिच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा तिनेच पुडी करून पिशवीत ठेवला. आणि मी बघत होतो.

मग मी 'वॉक टेस्ट' घेतली. अलार्म चालू करायचा आणि खोलीतून चालायचं. मी तिवारींना चालायला लावलं. ते दोन पावलं टाकतात न टाकतात तोच डबीत लाल ठिणगी चमकली आणि सायरन असा बोंबलला की शेजारच्या गाळ्यातले कामगार दारात आले.

सायरन बंद झाल्यावर माने साहेबांनी विचारलं, "म्हणजे?"

मी म्हणालो, "सेन्सर ठीक आहे."

"मग काल वाजला का नाही?"

इथे मी खरं सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं.

"अलार्म चालू असता तर वाजला असता," मी म्हणालो.

हे वाक्य तसं बरोबर होतं की चूक, यावर मी नंतर खूप डोकं खाजवलं. त्या वेळच्या सेन्सरपुरतं ते बरोबर होतं. पण आमच्या धंद्यात मशीन ठीक आहे असं म्हटलं, की माणूस ठीक नाही असंच ऐकू जातं. हे मला माहीत होतं.

माने साहेब मनीषाकडे वळले. "गुरुवारी तू लावला होतास ना अलार्म?"

"लावून गेलती ना सर. टीट वाजला, लाल दिवा लागला, मगच शटर खाली घेतलं."

"आणि आज सकाळी?"

"दिवा लालच होता. मी रिमोटनं बंद केला नि आत आले."

"तो लाल दिवा तू सोडून कोणी बघितला?"

कोण बघणार? दिवा तिनेच लावला, तिनेच बघितला, तिनेच बंद केला. ते पॅनल स्वस्तातलं होतं. कधी चालू झालं, कधी बंद झालं, याची नोंद ते ठेवत नव्हतं. स्वस्तातलं मीच सुचवलं होतं.

मग माने साहेबांची नजर माझ्याकडे आली. "चौधरी, हे रिमोट जोडायचं काम तुम्हीच करता ना? तुमच्याकडे तिसरा असेल."

हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडून एकदा बाहेर पडला आणि वसाहतीत फिरला, तर अलार्मवाल्याने दुकान बंद करून गावाला जावं.

"नाही साहेब," मी घाईने म्हणालो. "दोनच आहेत. एक तुमच्याकडे, एक मॅडमकडे."

मॅडमकडे. एरवी मी तिला मनीषाताई म्हणायचो.

मी गप्प का राहिलो तेही लिहितो. दसऱ्यानंतर माझी तपासणीची फेरी होती. जायचं, शिडी लावायची, डबी पुसायची, वॉक टेस्ट घ्यायची, एवढंच काम. त्या आठवड्यात मनोरला हायवेवरच्या एका हॉटेलात कॅमेऱ्यांचं मोठं काम चाललं होतं. मी फोन केला. मनीषाने उचलला.

"पॅनलवर करंटचा हिरवा दिवा आहे का?"

"हाय."

"मग झालं. सगळं ओके."

"येऊन बघून जा ना दादा एकदा. सर विचारतील."

"सांगा, चौधरी बघून गेले."

तिने तसंच सांगितलं. माझ्यासाठी खोटं बोलली. आता तिच्या बाजूने खरं बोलायचं म्हणजे हे सगळं बाहेर काढावं लागणार होतं. दुसरं म्हणजे, डबीच्या तोंडासमोर काही ठेवू नका हे मी बसवताना कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं. त्या दिवशी माने साहेब घाईत होते, मीही होतो. समोर काही आलं तर स्वतःहून बोंबलणारे सेन्सरही मिळतात. ते मी सुचवलेच नव्हते. आणि त्या गाळ्यांच्या इमारतीतल्या सगळ्या ऑफिसांना अलार्म लावायचं घाटत होतं. ते काम मला मिळणार, असं जवळपास ठरलं होतं.

दुपारी हवालदार आले. त्यांनी संडासाच्या खिडकीतून बाहेर डोकावलं, काचेच्या पट्ट्या बघितल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खिडकीला ग्रील नाही आणि भिंतीला डोळे लावलेत. वा!"

माने साहेब म्हणाले, "पट्ट्या बाहेरून काढल्यात, पण अलार्म बंद होता. म्हणजे बाहेरचा एक आणि आतला एक."

"आतलं कोण?"

तिवारींनी मनीषाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी तर तिला काही कळलंय का तेच बघत होतो, पण बाकीच्यांना ते कसं दिसलं असेल याची मला कल्पना आहे.

हवालदारांनी तिला विचारलं, "घरी कोण कोण? भाऊ काय करतो?"

"टेम्पो चालवतो."

"कसला?"

ती जरा थांबली. "भंगाराचा."

झालं. हवालदारांनी नुसतं "हं" केलं. त्या एका 'हं'नंतर ऑफिसातली हवाच बदलली. माने साहेबांना आठवलं की तो भाऊ एकदा तिला न्यायला आला होता आणि आत येऊन पाणी प्यायला होता. संडासातही गेला होता का? गेला असेल. तिवारींना आठवलं की आजकाल ती फोनवर बाहेर जाऊन बोलते. संशयाचं असंच असतं. एकदा दार उघडलं की जुन्या साध्या गोष्टी रांग लावून आत येतात.

टपरीवर तिवारींनी मला कोपऱ्यात घेतलं. "चौधरीजी, एक बात बोलूँ? सेठ का मशीन बीमा में है. मनीषा बेचारी को क्या मालूम. मेरे को तो सेठ पे ही डाउट है."

"आत काहीच नाही बोललात?"

"मेरे को नौकरी करनी है भाई."

माने साहेबांना तिवारींचाही संशय होता, कारण चोराने बाकी काही न उचलता नेमका मास्टरच उचलला. मास्टरची किंमत कोणाला कळणार? एका छोट्या ऑफिसात चार माणसं आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा चोर. त्यात चोरी कशी साधली हे फक्त मला माहीत होतं आणि मी चहात बिस्किट बुडवत होतो.

दोन दिवसांनी माने साहेबांचा फोन. "कॅमेरा लावायचाय. मनीषाच्या टेबलावर रोखून."

"हॉलचा अख्खा व्ह्यू घेऊ या ना साहेब."

"मी सांगतो तसं करा."

मी केलं. तिच्या डोक्यावरच्या भिंतीत ड्रिल मारत होतो, भुगा तिच्या कीबोर्डवर पडत होता. ती फडक्याने पुसत होती. मग वर न बघता म्हणाली, "हा माझ्यासाठीच हाय ना, दादा?"

"सगळ्या ऑफिससाठी आहे."

"सगळ्या ऑफिसचं तोंड माझ्याकडंच का मंग?"

मी पुढचं भोक मारायला घेतलं.

आता लिहायला सर्वात अवघड भाग. त्या दिवसांत मलाही तिचा संशय यायला लागला. मला खरं माहीत असूनसुद्धा. मी स्वतःला सांगायचो: हार तिनेच घातला असेल, मुद्दाम घातला असेल, भावाला सांगून ठेवलं असेल. काचेच्या पट्ट्या एवढ्या सफाईने कोण काढतं? ओळखीचाच माणूस. असं मांडत गेलं की माझं पाप हलकं व्हायचं. ती चोर निघाली असती तर मी सुटलो असतो. म्हणून मला ती चोर निघायला हवी होती. एकदा मनोरला गेलो तेव्हा भंगाराच्या दुकानांसमोर गाडी हळू केली. तिथे मास्टरची पेटी दिसते का, म्हणून. असा माणूस झालो होतो मी.

पुढच्या आठवड्यात माने साहेबांनी तिला सांगितलं, "चौकशी होईपर्यंत येऊ नकोस." काढलं असं म्हणाले नाहीत. गावात मात्र काढलं असंच पोचलं, कारणासकट. तिच्या भावाला मनोरच्या दुकानदारांनी माल द्यायचं बंद केलं. हवालदार दोनदा जाऊन विचारून आले होते, मग कोण देणार?

दिवाळी झाल्यावर ती माझ्या दुकानात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"दादा, तुमी एक लिहून द्याल?"

"काय?"

"का मशीन कवा कवा नाय पण वाजत. एवढंच. तुमचं नाव खराब होईल असं नका लिहू. नुसतं, मशीन हाय, चुकतं."

मी पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला. उत्तर टाळायला माणूस पाणी देतो.

"माने साहेब ऐकतील त्यानं?"

"ते नाय ऐकणार. सासू ऐकेल. तिला अक्षर नाय वाचता येत, पण शिक्का बघेल." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरात कोनी काय बोलत नाय. पण परवा नणंद आली, तर तिची पर्स आत ठेवून सासूनं कपाटाला कुलूप लावलं. आधी कवा लावत नव्हती."

ती दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या नमुन्याच्या सेन्सरकडे बघत होती.

"ह्याचाच लय राग येतो मला," ती म्हणाली. "दसऱ्याला सगळ्यांना एकेक फूल घातलं मी. प्रिंटरला, पंख्याला, सरांच्या खुर्चीला. ह्याला म्हटलं, आमी घरी जातो नि हा एकटा राखण करतो, म्हणून ह्याला हार केला. घरून पानं आणली. स्टुलावर चढून घातला. नि त्यानंच राखलं नाय."

ती मुद्दाम घालणारी नव्हती, हे मला आधीही ठाऊक होतं. पण तोपर्यंत मी त्या ठाऊक असण्यावर काहीबाही टाकून ते झाकून ठेवलं होतं. आता ते झाकता येईना.

मी म्हणालो, "ताई, लिहून नाही देत. उद्या माझ्याबरोबर ऑफिसला चला."

"सर आत घेणार नाय."

"घेतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरच्या बाजारातून हार घेतला. झेंडूचा, दुपदरी. आंब्याची पानं मी सांगितल्याप्रमाणे मनीषाने आणली होती, तिने माझ्या दुकानाच्या दारातच बसून ओवली. का म्हणून तिने विचारलं नाही.

माने साहेब तिला बघून उठलेच. "चौधरी, हे काय?"

"साहेब, आधी बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

मी अलार्म चालू केला. तिवारींना चालायला सांगितलं. सायरन बोंबलला. बंद केला. मग स्टुलावर चढलो आणि दसऱ्याला होता तसाच हार डबीला घातला. उतरलो. पुन्हा अलार्म चालू केला.

"तिवारीजी, चला."

तिवारी संडासाच्या दारापासून टेबलापर्यंत चालत आले. काही नाही. परत गेले. काही नाही. त्यांनी हात हलवले, गोल फिरले, शेवटी वैतागून लग्नाच्या वरातीत नाचतात तसे दोन ठुमके मारले. डबी मुकी. पॅनलवरचा लाल दिवा मात्र शांतपणे जळत होता. अलार्म चालू आहे, असं तो सगळ्यांना सांगत होता. मनीषा खरं बोलत होती.

कोणी हसलं नाही.

"त्या शनिवारी मी स्टुलावर चढलो तेव्हा हार इथे होता," मी म्हणालो. "तुमच्या तिघांसमोर काढला. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

माने साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हिच्या डोक्यावर कॅमेरा लावलात?"

"हो."

"दसऱ्यानंतर तपासून गेला होतात ना तुम्ही?"

"आलोच नव्हतो. फोन केला होता. मीच तिला सांगायला लावलं की बघून गेले."

मला वाटलं होतं, सगळा राग आता माझ्यावर येईल आणि विषय संपेल. पण संशय एवढ्या लवकर घर सोडत नाही. माने साहेब मनीषाकडे वळले. "पण हार कोणी घातला होता?"

"मी, सर."

"डबीच्याच तोंडावर?"

मी मधे पडलो. "साहेब, मुद्दाम घालायला ते माहीत हवं. तुम्हाला होतं का माहीत? तिवारींना? हार बघत तुम्ही रोज खाली बसत होता. तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं."

तिवारी खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "हे भगवान. हमने भी क्या क्या सोच लिया."

माने साहेब मनीषाला म्हणाले, "सोमवारपासून ये."

ती म्हणाली, "नाय सर."

"अगं, आता कळलं ना सगळं."

"तुमाला कळलं. मला पण कळलं." आवाज चढला नव्हता. "मी इथं सहा वर्सं कुलूप लावलं. तुमी एकदा पण विचारलं नाय का मनीषा, तू असं करशील का. भावाचं विचारलं. पोलिसाला विचारलं. मशीनला विचारलं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "दादांनी सांगितलं ते बरं केलं. पण त्या शनिवारी हार माझ्या हातात दिला तवाच सांगितलं असतं तर आज इथं यायची पण गरज नव्हती."

ती गेली. मी तिला सोडायला बाहेर आलो नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी खर्च होऊन गेलं होतं.

माने साहेबांनी माझं काम काढून घेतलं. इमारतीतल्या बाकीच्या ऑफिसांचं कामही गेलं. त्यात अन्याय काही नव्हता. हवालदारांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर मागच्या गल्लीत तरी विचारलं असतं. आता तिथे काय सापडणार?" खरं होतं. सगळ्यांनी इतके दिवस आत शोधलं. बाहेरचा चोर तोपर्यंत कुठल्या कुठे गेला असेल. मास्टर सापडला नाही. चोरही नाही. कोणी पकडलं गेलं नाही म्हटल्यावर दांडीत अजून कोणी तिच्याकडे तिरकं बघत असेल, तर त्याला दाखवायला माझ्याकडे काही नाही. तिच्या सासूला भेटून मी सगळं सांगितलं, शिक्क्याचा कागदही दिला. म्हातारीने कागद उलटा धरून बघितला आणि घडी घालून ठेवला. काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

आता मी कुठेही सेन्सर बसवला की गिऱ्हाइकाला स्टुलावर चढवतो, त्याच्याच हाताने डबीसमोर पुठ्ठा धरायला लावतो आणि कोणालातरी चालायला सांगतो. वाजत नाही हे त्याने स्वतः बघितलं पाहिजे. काही गिऱ्हाइकं म्हणतात, "काय राव, स्वतःच्या मालाची बदनामी करता?" करतो.

यंदा पालघरला कोळगावच्या सरकारी इमारतींच्या बाजूला एक काम होतं. एका वकिलाचं ऑफिस, टायपिंग आणि फॉर्म भरून द्यायचं. आत मनीषा होती. मला बघून दचकली नाही, हसलीही नाही. "बसा दादा, साहेब येतात," म्हणाली. मी माप घेतलं, वायर कुठून न्यायची ते बघितलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, तो विचारावाच लागतो. "संध्याकाळी शेवटी कोण बंद करतं? रिमोट कोणाला द्यायचा?"

ती टाईप करत होती. थांबली नाही.

"मी नाय. मी साडेपाचला निघते. एकटी कवाच मागं राहत नाय, साहेबांना लागताना आधीच सांगितलंय."

रिमोट मी वकिलांना दिला. सेन्सर कुठे चुकतो ते शोधायला मला पाच मिनिटं लागतात. माझ्या गप्प बसण्याने एका बाईचं काय बिघडलं ते शोधायला मात्र दुसऱ्याच्या ऑफिसात माप घ्यायला जावं लागलं, आणि ते दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे नाही.